एका प्राध्यापिकेची तीस वर्षांची कल्चर्स : निवृत्तीआधीच्या दोन वर्षांचं प्रकरण

हे प्रकरण एका राज्य विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातलं, तिथे जपलेल्या कल्चर्सचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून ठेवलेल्या जिवाणूंचं आहे. मी त्या मॅडमची विद्यार्थिनी आणि शेवटच्या दोन वर्षांतल्या कामात त्यांच्यासोबत होते. कुणाची ओळख पटू नये म्हणून विद्यापीठ, गावं आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. निवृत्तीला आठ-दहा वर्षं उरलेले जे प्राध्यापक हे वाचतील, त्यांनी आपल्या डीप फ्रीजरचं दार उघडून एकदा आत बघावं, एवढ्यासाठी मी हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

मॅडम १९८८ मध्ये अधिव्याख्याता म्हणून रुजू झाल्या. विभागात तेव्हा एक ऑटोक्लेव्ह, दोन इनक्युबेटर आणि घरगुती फ्रिज एवढीच सामग्री होती. त्याच काळात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन झपाट्याने पसरत होतं. पीक नवं, त्यामुळे त्याच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे ब्रॅडीरायझोबियम जिवाणू आपल्या जमिनीत फारसे नव्हते. म्हणून बियाण्याला जिवाणू संवर्धन चोळायची शिफारस झाली, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट. शेतकरी ते गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला लावत.

मॅडमना पडलेला प्रश्न साधा होता. पाकिटातून आलेले हे जिवाणू जमिनीत टिकतात का? पाच, दहा, वीस वर्षांनी गाठी कोण करतं, दरवर्षी पाकिटातून येणारे की जमिनीत रुळून बसलेले त्यांचे वंशज? हा प्रश्न रायझोबियमवर, म्हणजे अशा गाठी करणाऱ्या जिवाणूंवर, काम करणाऱ्या जगभरच्या लोकांना छळत आला आहे, कारण रुळलेले जिवाणू संख्येने इतके वाढतात की नवं, जास्त कार्यक्षम संवर्धन लावलं तरी गाठींची जागा तेच पटकावतात. उत्तर हवं तर एकाच शेतातून वर्षानुवर्षं गाठी गोळा करत राहणं आलं, आणि मॅडमनी तेच केलं. तीन शिवारांतली ठरावीक शेतं, दर खरिपात पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. झाड उपटायचं नाही, कुदळीने ढेकळासकट काढायचं, मुळं हलक्या हाताने धुवायची, गाठ कापून आत गुलाबी आहे का, म्हणजे ती काम करते आहे का, बघायचं आणि बर्फाच्या डब्यात घालून एसटीने परत यायचं.

शिकवण्यातही त्यांचा हाच स्वभाव होता. एम.एस्सी.च्या पहिल्या आठवड्यात त्या सांगायच्या, "घरी मेथीची जुडी आली की मुळं लगेच कापून टाकू नका. धुवा आणि बघा." निम्मा वर्ग दुसऱ्या दिवशी मेथीची मुळं डब्यात घालून यायचा. मीही त्यातलीच.

बढत्यांचं म्हणाल तर प्रपाठक आणि मग प्राध्यापक, सगळं वेळच्या वेळी झालं. २०१० नंतर एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजायची पद्धत आली. शोधनिबंधाला गुण, प्रकल्पाला गुण, पीएच.डी. झालेल्या विद्यार्थ्याला गुण. जपून ठेवलेल्या कल्चरसाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. संग्रहाची आबाळ का झाली, याचं एक कारण मला इथेच दिसतं.

संग्रहात काय होतं

सुरुवातीची पंधरा वर्षं कल्चर्स स्लँटवर, म्हणजे नळीत तिरप्या थिजवलेल्या अगार माध्यमावर, वर निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा थर देऊन ठेवलेली होती. २००४ मध्ये एका प्रकल्पातून उणे ऐंशी अंशांचा डीप फ्रीजर आला आणि सगळं ग्लिसरॉल घालून क्रायोव्हायलमध्ये, म्हणजे गोठवायच्या छोट्या कुप्यांमध्ये गेलं. २०२० पर्यंत आत अकराशेच्या वर व्हायल होत्या. बहुतेक सोयाबीनच्या, बाकी हरभरा, तूर, मेथी यांच्या.

यातल्या काही व्हायलची किंमत एरवी लक्षात येत नाही. कुणाला आज सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम हवा असेल तर तो कोणत्याही शेतातून पंधरा दिवसांत मिळेल. पण १९९१ सालचा, पीक नुकतंच आलेल्या शेतातला जिवाणू आज कुठल्याही शेतातून मिळणार नाही. ते शेत तिथेच आहे, पण १९९१ संपलं आहे. संग्रहाचं मोल या सालांमध्ये होतं.

आणि साल कळायचं फक्त वह्यांमधून. मॅडमच्या स्वतःच्या सात लांब वह्या होत्या. प्रत्येक नोंदीत शेतकऱ्याचं नाव, शिवार, गट नंबर, आधीचं पीक, वाण, संवर्धन लावलं होतं की नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी मात्र ज्याच्या त्याच्या वहीत. पीएच.डी. झाली की वही घरी. फ्रीजरमध्ये मागे राहिल्या त्या नावाच्या आद्याक्षरांच्या आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या.

अडचण

मॅडम ३० जून २०२२ ला साठाव्या वर्षी निवृत्त होणार होत्या. विभागातल्या मंजूर जागांपैकी निम्म्याहून जास्त रिकाम्या होत्या. त्यांच्या विषयात काम करणारं पूर्णवेळ दुसरं कुणी नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. पुढे एक घटना घडली आणि बोलणं टाळता येईना.

पहिला निर्णय : मे २०२० ची रात्र

मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली. विभाग बंद. आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहणारे आमचे लॅब अटेंडंट, ज्यांना सगळे मामा म्हणतात, दिवसाआड येऊन कुंड्यांना पाणी घालून जात. मेच्या एका संध्याकाळी त्यांना फ्रीजरखाली पाणी दिसलं. कॉम्प्रेसर गेला होता. बाहेर बेचाळीस अंशांचा उन्हाळा. वरचे दोन रॅक पूर्ण वितळलेले, खालचे तीन अजून कडक.

मॅडमची गल्ली प्रतिबंधित क्षेत्रात होती, त्यांना बाहेर पडता येत नव्हतं. सगळं फोनवर ठरवायचं होतं. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, सगळे रॅक शेजारच्या विभागातल्या उणे वीसच्या फ्रीजरमध्ये हलवायचे. दोन, फक्त कडक रॅक तिकडे न्यायचे आणि वितळलेल्या व्हायल साध्या फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवून मिळेल तितक्या लवकर प्लेटवर स्ट्रीक करायच्या, म्हणजे माध्यमावर रेघा ओढून जिवाणू नव्याने वाढवायचे.

मॅडमनी पहिली वाट निवडली. का, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "अगं, प्लेट ओतणार कोण होतं? मामांच्या हातात मी चारशे व्हायल आणि पेट्री डिश देणार होते का?" तेव्हाच्या परिस्थितीत मला यात चूक काढवत नाही. पण वितळलेलं कल्चर पुन्हा गोठवलं की बर्फाचे स्फटिक पेशींना दुसऱ्यांदा फाडतात, आणि उणे वीसला गोठणं सावकाश होतं, म्हणजे नुकसान जास्त. पुढे आम्ही मोजलं तेव्हा कडक राहिलेल्या रॅकमधल्या साधारण तीनपैकी दोन व्हायल जिवंत निघाल्या. वितळून पुन्हा गोठलेल्या रॅकमध्ये हे प्रमाण पाचात एक होतं. साध्या फ्रिजमध्ये दोन महिनेदेखील ब्रॅडीरायझोबियम तग धरू शकला असता असं माझं मत आहे. मॅडम म्हणतात, त्याच फ्रिजमध्ये बुरशी लागली असती तर सगळंच गेलं असतं. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

वितळलेल्या रॅकमध्ये काय होतं, हा खरा घाव. सर्वांत जुनं कल्चर सर्वांत वरच्या रॅकमध्ये होतं, कारण २००४ मध्ये भरताना सुरुवात वरून झाली होती. दार उघडलं की वरच्या रॅकला ऊब आधी लागते, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

पुढचे पर्याय

डिसेंबर २०२० मध्ये विभाग थोडाफार सुरू झाला. फ्रीजर दुरुस्त होऊन आला, पण त्याच्यावरचा विश्वास गेला होता. मॅडम, मी, त्यांचा शेवटचा पीएच.डी. विद्यार्थी आणि मामा असे चौघे बसलो. टेबलावर चार पर्याय होते.

विभागाकडेच ठेवणं सगळ्यात सोपं होतं. कागदावर संग्रह विभागाचाच होता. पण वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला का, हे बघणारं माणूस नसेल तर मालकीला अर्थ नाही.

दुसरा पर्याय परदेशातल्या एका सहकाऱ्याचा होता. त्यांनी आपुलकीने लिहिलं होतं, "सगळ्याची एक प्रत माझ्याकडे पाठवा, मी सांभाळतो." त्यांच्या हेतूबद्दल शंका नव्हती. पण जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे आपल्या मातीतले जिवाणूही देशाचा जैविक ठेवा आहेत आणि ते संशोधनासाठी परदेशी संस्थेच्या हाती द्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंधित रीतसर वाट आहे. टपालाच्या पाकिटात घालून पाठवायची ही गोष्ट नाही. शेकडो कल्चर्ससाठी ती वाट चालायला आमच्याकडे वेळ नव्हता.

तिसऱ्या पर्यायाने विभागात वाद झाला. जिवाणू खतं बनवणाऱ्या एका कंपनीने नवा डीप फ्रीजर आणि प्रयोगशाळेसाठी काही रक्कम देऊ केली. बदल्यात पूर्ण संग्रह त्यांच्याकडे, आणि वापरायचा हक्कही फक्त त्यांचा. विभागप्रमुखांना हे पटलं होतं, आणि त्यांची अडचण खरी होती. चालू वर्षाच्या प्रात्यक्षिकांसाठी अगार आणायलाही पैसे कमी पडत होते. मॅडमनी कंपनीच्या माणसाला चहा पाजला आणि सांगितलं, "कल्चर घ्या, पण सार्वजनिक संग्रहातून घ्या, इतर कुणीही घेईल तसं. नागपूरच्या जैवविविधता मंडळाला सूचना द्या, आणि धंदा करा. फक्त तुमच्या एकट्याच्या कपाटात ते मी जाऊ देणार नाही. ती माती माझी नाही." कंपनी पुन्हा आली नाही. नवा फ्रीजरही आला नाही. पुढची दोन वर्षं विभागातल्या काही जणांनी हे मॅडमना ऐकवलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं.

चौथा पर्याय राष्ट्रीय संग्रहांचा होता. शेतीच्या जिवाणूंसाठी उत्तर प्रदेशातल्या मऊ इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. सगळं तिकडे पाठवावं, हे ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मात्र अर्ज हातात आले आणि आम्ही गप्प झालो. प्रत्येक कल्चरमागे जात, माध्यम, तापमान, गोळा केल्याची तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश, शक्य तिथे जात ओळखायला उपयोगी पडणाऱ्या १६एस जनुकाचा अनुक्रम. या माहितीला आम्ही पासपोर्ट डेटा म्हणतो. पासपोर्ट नसलेली कल्चर्स कुणीच घेत नाही, आणि घेऊही नयेत.

दुसरा निर्णय : सगळं की निवडक

हातात दीड वर्ष, तीन माणसं आणि अनुक्रम काढायला अगदी थोडे पैसे होते. माझं म्हणणं होतं की शोधनिबंधांत नाव आलेली कल्चर्स आधी. छापून आलेल्या जिवाणूची मागणी कुणीही करू शकतं आणि तो देणं हे लेखकाचं कर्तव्यच आहे. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. एकाच शेतातली सलग वर्षांची साखळी आधी, मग ती कधी छापली गेली नसली तरी.

दोन आठवडे आम्ही यावर भांडलो. शेवटी मॅडमनी एका शेताची यादी काढून माझ्यासमोर ठेवली : १९९१, १९९४, १९९७, २००३, २००९, २०१६. "यातला मधला एक गेला तर उरलेल्यांचं काय करणार?" मला उत्तर सुचलं नाही. मग ठरलं ते असं : शेतांच्या साखळ्या आधी, त्यानंतर छापलेली कल्चर्स, बाकी जमलं तर.

केलेलं काम

आधी वह्या. सातही वह्या आम्ही मोबाईलने पानोपान टिपल्या आणि तक्ता भरला. जुन्या नोंदींत अक्षांश-रेखांश कुठून असणार? पण गट नंबर होते. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट टाकला की शेताची हद्द दिसते. तिथून आम्ही जागा निश्चित केली. काही गटांचे पोटहिस्से झाले होते, तेव्हा मामांनी थेट त्या गावात फोन लावले. शेतकऱ्याचं नाव लिहून ठेवायची मॅडमची सवय इथे उपयोगी पडली. ज्या विद्यार्थ्यांनी फक्त "शेत क्र. ३" लिहिलं होतं, त्यांची कल्चर्स इथेच गळाली.

मग पुनरुज्जीवन. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगारवर, काँगो रेड घालून, २८ अंशांवर. रायझोबियम हा रंग फारसा शोषत नाही, त्याच्या वसाहती पांढुरक्या राहतात. इतर बरेच जिवाणू लालभडक होतात. मेथीवरचे दोन-तीन दिवसांत दिसतात, सोयाबीनचे पाच ते सात दिवस घेतात. घाईत चौथ्या दिवशी प्लेट बघून आम्ही सुरुवातीची तीस-एक कल्चर्स मेलेली म्हणून बाद केली होती. मामांनी त्या प्लेट फेकायला नेल्या नव्हत्या. आठव्या दिवशी त्यांनी त्या परत आणून दाखवल्या, अकरांवर बारीक टिपके होते.

जिवंत निघालं म्हणजे काम झालं असं नाही. ज्याने गाठ केली तोच रायझोबियम. म्हणून प्रत्येकाची कुंडीत परीक्षा : निर्जंतुक वाळू, नत्र नसलेलं पोषण द्रावण, आणि चार आठवडे. मेथीवरच्या काही कल्चर्सनी इथे दगा दिला. प्लेटवर तरारून वाढले, पण मुळं कोरी. या गटात गाठ करणारी जनुकं मोठ्या प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएवर असतात आणि स्लँटवरून स्लँटवर वर्षानुवर्षं नेताना ती गमावली जाऊ शकतात. आम्ही जिवाणू सांभाळला आणि ज्यासाठी सांभाळला तो गुणच हरवून बसलो. सोयाबीनवाल्यांची ही जनुकं मुख्य गुणसूत्रावर असतात, त्यांनी परीक्षा बऱ्यापैकी पार केली.

१६एस अनुक्रम फक्त गाठ करणाऱ्यांचे काढले. त्यासाठीचे पैसे तीन माजी विद्यार्थ्यांनी दिले. मॅडमना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. एका सरकारी संग्रहात जाणाऱ्या वस्तूसाठी मुलांनी खिशातून का द्यावं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही तरीही दिले.

तिसरा निर्णय : एक वेगळा जिवाणू

तुरीच्या गाठींतला एक जिवाणू आजवर नोंदलेल्या कुठल्याच जातीशी नीट जुळेना. १६एस मधलं साम्य ९८.७ टक्क्यांच्या बरंच खाली होतं. ही नवी जात असू शकते. नव्या जातीचं नाव नियमाप्रमाणे ग्राह्य व्हायचं तर तिचं नमुना कल्चर दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवलेलं असावं लागतं. म्हणजे पुन्हा परदेशी पाठवायची कागदपत्रं, पूर्ण जीनोम, इतर चाचण्या. किमान वर्षभराचं काम.

निवृत्तीला सात महिने उरले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत नवी जात मॅडमच्या नावावर नव्हती. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी विद्यार्थ्याला सांगितलं, "हे तुझं. माझं नाव शेवटी घाल किंवा घालू नको. आपण साखळ्या पुऱ्या करू." मला तो निर्णय तेव्हा पटला नाही आणि आजही पूर्ण पटलेला नाही. ते काम अजून छापून आलेलं नाही. विद्यार्थ्याला नोकरी लागली, तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत मिळून, आणि त्याला प्रयोगशाळा नाही.

निष्पत्ती

जून २०२२ पर्यंत दोनशेच्या आसपास कल्चर्स पासपोर्ट डेटासह राष्ट्रीय संग्रहांत पोचली. बहुतेक मऊला, काही पुण्याला. तीन शेतांच्या साखळ्या अखंड आहेत. चौथीतलं १९९४ कायमचं गेलं. गोठवून-सुकवलेल्या अँप्यूलचा दुसरा संच माझ्या कॉलेजच्या फ्रिजमध्ये आहे. स्किम मिल्कमध्ये सुकवलेलं कल्चर चार अंशांवर वर्षानुवर्षं टिकतं, त्याला उणे ऐंशीचा भरवसा लागत नाही. हे तंत्र आम्हाला १९९५ मध्येही ठाऊक होतं. सुकवायचं यंत्र विभागात नव्हतं, पण शंभर किलोमीटरवर होतं. कुणी विचारायला गेलं नाही.

वह्यांच्या मूळ प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयाने घ्यायला नकार दिला, "हे पुस्तक नाही" म्हणून. त्या माझ्या कपाटात आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मॅडमना मी हा प्रश्न सरळ विचारला. त्यांचं पहिलं उत्तर फ्रीजरबद्दल नव्हतं. त्या म्हणाल्या, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेआधी विद्यार्थ्याकडून वही आणि प्रत्येक कल्चरच्या दोन व्हायल जमा करून घ्यायला हव्या होत्या, आणि त्याशिवाय सही द्यायला नको होती. प्रेमापोटी त्यांनी ते केलं नाही. एकेकाला नोकरीच्या मुलाखतीची घाई असायची.

माझं उत्तर थोडं वेगळं आहे. छापताना प्रत्येक वेळी कल्चर राष्ट्रीय संग्रहात ठेवलं असतं तर २०२० मध्ये एवढी धावपळ झालीच नसती. वर्षाला दहा कल्चर्स म्हणजे महिन्याला एक अर्जसुद्धा नाही. दुसरं, सर्वांत जुनं कल्चर दोन ठिकाणी हवं होतं, निदान दोन रॅकमध्ये. तिसरं, मामांना प्लेट ओतायला आणि स्ट्रीक करायला शिकवायला हवं होतं. पंचवीस वर्षं ते आमच्या शेजारी उभे होते. शेवटच्या वर्षी त्यांनी ते दोन दिवसांत शिकून घेतलं आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मे २०२० च्या रात्री दुसरी वाट बंद होती, ती आम्हीच बंद ठेवली होती म्हणून.

कंपनीला नकार देण्याबद्दल मॅडमना खेद नाही. विभागप्रमुखांशी आधी बोलून, दोघांनी मिळून विद्यापीठाकडे फ्रीजर मागायला हवा होता, एवढं त्या मान्य करतात.

आद्याक्षरांच्या चिठ्ठ्यांच्या शंभर-सव्वाशे व्हायल अजून उरल्या आहेत. मी चिठ्ठ्यांचे फोटो जुन्या विद्यार्थ्यांना पाठवत असते. दोघांनी आपलं अक्षर ओळखलं, एकीला माहेरच्या ट्रंकेत वही सापडली. गेल्या खरिपात मॅडम आणि मी १९९१ च्या त्या पहिल्या शेतावर गेलो. गट नंबर तोच, कसणारा नातू. सोयाबीन नव्हतं, त्या वर्षी त्याने सगळी तूर लावली होती. मॅडमनी दोन झाडं ढेकळासकट काढून घेतली, आठव्या वहीत पहिली नोंद केली आणि पुढच्या वर्षी काय पेरणार, हे त्याला विचारून तेही लिहून घेतलं.